अंगावर जातंय? घ्या गोळ्या. पुढचा पेशंट!

हा लेख वाचून काही मंडळी नाक मुरडणार आहेत. खुशाल मुरडा. मूळव्याधीवर आपल्याकडे चारचौघांत विनोद चालतात, मुतखड्याचे किस्से लग्नाच्या पंगतीत जिलबीसोबत सांगितले जातात, कोणाच्या पोटात किती गॅस होतो हे एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही कळतं. पण बाईच्या योनीमुखाला आग होते, खाज सुटते, सूज येते, कातडी फाटते, हे म्हटलं की सगळ्यांना अचानक संस्कृती आठवते. तर आजचा विषय तोच आहे. योनीमुखाचा दाह. डॉक्टर लोक त्याला व्हल्व्हायटिस म्हणतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना खाली स्क्रोल करायला नको. या आजाराची बरीच औषधं साधी आणि स्वस्त आहेत. तरीही आमच्या भागातल्या बायका वर्षानुवर्षं तो अंगावर काढतात. कारण दवाखान्यात कोणी बघत नाही, आणि न बघता जे लिहितात ते चुकीचं लिहितात. 'बायका लाजतात, सांगतच नाहीत' ही जी सबब आपण ऐकतो, ती पळवाट आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. मी इंजिनियर आहे, पुण्यात नोकरी करते आणि पोटापाण्यासाठी अमेरिकन दवाखान्यांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिते. गाव अवसरी बुद्रुक, तालुका आंबेगाव. (खुर्द वेगळं, बुद्रुक वेगळं. सरकारी इंजिनियरिंग कॉलेज आहे ते खुर्दला. हे मला दर ओळखीला सांगावं लागतं, तेव्हा एकदाच इथे लिहून ठेवते.) गावी गेले की बायका मला गाठतात, कारण त्यांच्या लेखी मी 'हॉस्पिटलच्या कंप्युटरमध्ये' आहे. मी कितीही सांगितलं की काकू, मी फक्त प्रोग्रॅम लिहिते, तरी उपयोग नसतो. आणि त्या जे सांगतात ते ऐकून, आणि मी रोज जे कोड बघते ते बघून, माझं डोकं फिरतं.

आधी कोडचं सांगते.

अमेरिकेत डॉक्टरने पेशंट तपासला की निदानाला एक कोड लागतो. आयसीडी-१० नावाच्या यादीतला. १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे हीच यादी चालते. कोड नाही तर विमा कंपनी पैसे देत नाही, त्यामुळे सगळे अगदी काटेकोर. आता गंमत बघा. एन ७६.० म्हणजे योनीमार्गाचा नवा, तीव्र दाह. एन ७६.१ म्हणजे तोच, पण जुना झालेला. एन ७६.२ म्हणजे योनीमुखाचा नवा दाह. एन ७६.३ म्हणजे योनीमुखाचाच, पण जुनाट. गळू झालं असेल तर एन ७६.४. जखम, व्रण असेल तर एन ७६.६. नुसती खाज आहे, कारण सापडलेलं नाही, तर एल २९.२. बुरशीचा संसर्ग असेल तर बी ३७.३, आणि त्याचेही अमेरिकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून दोन तुकडे केले: नवा असेल तर बी ३७.३१, पुन्हा पुन्हा होणारा, चिवट असेल तर बी ३७.३२.

म्हणजे आत की बाहेर, नवं की जुनं, कशामुळे, या तीन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय कोड पडत नाही. आणि कोड टाकणाऱ्याला स्वतःच्या मनाने काही भरता येत नाही. डॉक्टरने 'बहुधा असेल' असं लिहिलं तर बाह्यरुग्णाच्या बाबतीत ते निदान धरायचं नाही, फक्त लक्षणाचा कोड टाकायचा, असा नियम आहे. या धंद्यात एक वाक्य पाठच असतं: जे लिहिलं नाही, ते झालंच नाही.

हे कोड टाकायला बसतं कोण? आपल्याच पोरी. पुणे, चेन्नई, हैदराबाद इथल्या ऑफिसांत बीएस्सी, बीफार्म झालेली शेकड्यांनी मुलं-मुली हे काम करतात. टेक्सासमधल्या कोणा बाईचा दाह आतला की बाहेरचा, यावर त्यांची परीक्षा असते, मार्क असतात, चुकलं तर ऑडिटमध्ये ओरडा असतो. आणि त्यातल्याच एखादीची आई गावाकडे तेच दुखणं घेऊन दवाखान्यात जाते तेव्हा केसपेपरवर काय येतं? 'व्हाइट डिस्चार्ज.' संपलं. फार तर जरा वजनदार करून 'ल्युकोरिया'.

आता इथे एक गोष्ट सांगते, जी मला कळली तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. ल्युकोरिया या शब्दाला आयसीडी-१० मध्ये कोड आहे एन ८९.८. आणि तो कोड ज्या गटात बसतो त्या गटाचं नाव आहे 'स्त्री जननमार्गाचे दाह नसलेले विकार'. दाह नसलेले! बाई सांगत्येय आग होते, आणि तिचा कागद जातो 'आग नाही' लिहिलेल्या कपाटात. आग विझवायला बोलावलेला बंब उद्या चुकीच्या गल्लीत गेला तर आपण बातमी करतो. इथे तर रोज जातो.

अर्थात अमेरिकेतही सगळं आलबेल आहे असं नाही. तिथला कोड बिलासाठी आहे, बाईसाठी नाही, हे मला रोज आत बसून दिसतं. पण बिलासाठी का होईना, 'नक्की कुठे आणि कशामुळे' हे विचारावं लागतं. आपल्याकडे तेही विचारायची गरज पडत नाही.

शब्दांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. शरीराच्या या भागासाठी मराठीत दोनच जातीचे शब्द आहेत, शिवीतले आणि शब्दकोशातले. मधले, घरात वापरायचे, आईने मुलीला शिकवायचे शब्द नाहीत. म्हणून मग 'खाली', 'तिथे', 'जागेवर', 'अंगावर जातंय'. आमच्याकडे बाई 'अंगावर जातंय' म्हणते तेव्हा तिला पांढरं जाणं म्हणायचं असू शकतं, जास्त रक्तस्राव म्हणायचा असू शकतो, किंवा नुसती खाज आणि आगही म्हणायची असू शकते, कारण दवाखान्यात चालणारा तिला माहीत असलेला तो एकच शब्द आहे. ती तो शब्द पासवर्डसारखा वापरते. आणि समोरचा तो शब्द निदान म्हणून लिहून घेतो.

आमच्या गावाकडच्या भाषेत समजावते. योनीमुख म्हणजे उंबरा. बाहेरून दिसणारी कातडी, घड्या, कडा. योनीमार्ग म्हणजे ओसरी. आणि गर्भाशय म्हणजे माजघर. तिन्ही वेगळी. उंबऱ्याचं दुखणं बहुतेक वेळा कातडीचं दुखणं असतं, आणि कातडीचं दुखणं डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. हाताला नायटा झाला तर डॉक्टर टेबलापलीकडून 'हात खाजतो का? बरं, ही गोळी घ्या' म्हणेल का? मग इथेच का?

कारणं किती वेगवेगळी असतात बघा. आम्ही प्रोग्रॅमर लोक म्हणतो, एरर एकच दिसतो पण बग सहा असतात, तसं.

पहिलं, सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित: साबण. वासाचा साबण, कपड्याच्या साबणाचा निकरमध्ये राहिलेला अंश, जंतुनाशक घातलेलं पाणी, केस काढायचं क्रीम, वासाचे पॅड, घट्ट नायलॉनचे कपडे. ही कातडी नाजूक असते, ती चिडते. आणि आग झाली की बाईला वाटतं आपण अस्वच्छ आहोत, म्हणून ती अजून साबण लावते. मग अजून आग. हा लूप तोडणारं कोणी नसेल तर तो वर्षानुवर्षं चालतो.

दुसरं, बुरशी. कॅन्डिडा. खाज, लाली, दह्यासारखा पांढरा स्राव. गरोदरपणात होते, अँटिबायोटिक घेतल्यावर होते, आणि साखर वाढलेली असली तर पुन्हा पुन्हा होते. कित्येक बायकांना मधुमेह आहे हे पहिल्यांदा यावरूनच कळू शकतं, पण त्यासाठी कोणीतरी साखर तपासायला हवी ना.

तिसरं, पाळी गेल्यानंतरची कोरड. इस्ट्रोजेन कमी झालं की कातडी पातळ होते, चरचरते, लघवीला जळजळ होते. साठीच्या आजीला लघवीच्या संसर्गाच्या गोळ्या देत राहतात, आणि तिला हवं असतं थोडं मलम.

चौथं, लायकेन स्क्लेरोसस. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवा. कातडी पांढरी, पातळ, सिगारेटच्या कागदासारखी चुरगळलेली होते, भयंकर खाजते, हळूहळू कडा आखडतात. हा संसर्ग नाही, कोणाकडून लागत नाही. याला तीव्र स्टिरॉइड मलम लागतं, डॉक्टरच्या देखरेखीखाली, नीट मोजूनमापून. दुर्लक्ष केलं तर थोड्या बायकांमध्ये त्याच जागी पुढे कर्करोग होऊ शकतो. म्हणजे इथे न बघण्याची किंमत फक्त खाज एवढीच नाही.

पाचवं, लहान मुली. वयात न आलेल्या मुलींमध्ये हे दुखणं चांगलंच आढळतं. कारण बहुतेकदा साबण, नीट धुतलं-पुसलं न जाणं, किंवा जंत. रात्री खाज सुटणारे बारीक पांढरे कृमी. घरचे मात्र एकतर पोरीला रागावतात किंवा भलत्या शंकेने हादरतात. (शंका खरी असू शकते, म्हणूनच तर शांतपणे, तिला विश्वासात घेऊन तपासणारी डॉक्टर हवी.)

सहावं, बाकी संसर्ग. नागीण जातीतले फोड, खरूज, उवा, ट्रायकोमोनास.

आता सांगा, या सहांवर एकच गोळी कशी चालेल?

पण चालवतात. सरकारी यंत्रणेत रंगीत किट आहेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने लक्षणांवरून उपचार करण्यासाठी बनवलेले. त्यातलं दोन नंबरचं किट, हिरवं, योनीमार्गाच्या दाहासाठी: सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल. मी या किटच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. जिथे लॅब नाही, बाई परत येईल की नाही ठाऊक नाही, तिथे लक्षणं बघून लगेच उपचार करणं हे शहाणपणाचं आहे. बुरशी असेल, ट्रायकोमोनास असेल, तर गुण येतो. पण साबणाने चिडलेल्या कातडीला सेक्निडॅझोलने काय होणार? पाळी गेलेल्या बाईच्या कोरडीला? लायकेन स्क्लेरोससला? आणि किट द्यायच्या आधी विचारपूस आणि तपासणी करायची असते, हे त्या पद्धतीतच सांगितलेलं आहे. आपण तपासणी गाळली आणि किट तेवढं ठेवलं.

दुसरा घोळ नोंदीचा. महिन्याच्या सरकारी अहवालात प्रजननमार्गाचे आणि लैंगिक संसर्ग यांचं मिळून एक खातं असतं. कपड्याच्या साबणाने झालेला दाह त्या खात्यात गेला की कागदोपत्री तो 'लैंगिक आजार' होतो. शहरात बसून आपल्याला हा बारीकसा तांत्रिक मुद्दा वाटेल. गावात तो कागद नवऱ्याच्या हातात पडतो. सासू विचारते, 'कुठून आणलंस?' एक चुकीचा खाना एखाद्या बाईचं घर मोडू शकतो. डेटा एंट्रीची चूक म्हणे.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंचं उदाहरण देते, नाव-गाव काही नाही. कांदा लागणीला जातात, दिवसभर ओल्या वाफ्यात, ओला काष्टा तसाच. शेतात आडोसा नाही म्हणून पाणी कमी पितात. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. तिन्हीकडे गोळ्या. मी विचारलं, तपासलं का कोणी? म्हणाल्या, 'नाय गं बाय, इचारलं फकस्त. अंगावर जातंय का म्हणले, मी हो म्हणले.' मग मेडिकलवाल्याने स्वतःच्या हुशारीने एक ट्यूब दिली, त्यात स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र. चार दिवस बरं वाटलं, मग दुप्पट आग. अशी स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली औषधांच्या नियमांत बदल केला. नियम दिल्लीत बदलला. ट्यूब अजून काउंटरवरच आहे. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड घेऊन नीट बघितलं, साखर तपासली, साबण आणि जंतुनाशक पाणी दोन्ही बंद करायला लावलं. साधं पाणी, कोरडं पुसणं, सुती कपडा, लावायला एक साधं मलम. तीन आठवड्यांत फरक. इतकंच होतं ते!

आता त्या पळवाटेकडे येऊ. 'बायका सांगतच नाहीत.'

१९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन खेड्यांचा अभ्यास छापून आला. ६५० बायका. डॉक्टरांनी नुसतं विचारलं नाही, तर अंतर्गत तपासणी केली, लॅबच्या चाचण्या केल्या. ९२ टक्के बायकांमध्ये एक किंवा जास्त स्त्रीरोग सापडले. सरासरी एका बाईमागे ३.६ आजार. त्यातला निम्मा भार संसर्गांचा. (हे सगळे स्त्रीरोग मिळून आहे, फक्त योनीमुखाचा दाह नव्हे. आकडे जपून वापरावेत.) आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा शेवटी ठेवते: त्याआधी आयुष्यात कधीतरी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के.

ही पाहणी मुंबई-पुण्यात झाली नाही. गडचिरोलीच्या खेड्यांत झाली, चाळीसेक वर्षांपूर्वी. तिथल्या ६५० बायका तपासणीला तयार झाल्या. कारण विचारणारं माणूस भरवशाचं होतं, बाई होती, आणि पडदा होता. मग लाजत कोण होतं? बायका, की व्यवस्था? ५५ टक्के बायकांनी तर तक्रार सांगितलीही. उरलेल्या ४५ टक्के 'काही त्रास नाही' म्हणणाऱ्या. तरीही आजार ९२ टक्क्यांमध्ये! म्हणजे तक्रार नाही म्हणणाऱ्यांतल्याही कितीतरी जणी आजारी होत्या. हे बघितल्याशिवाय कसं कळलं असतं?

आणि न बघता, न नीट लिहिता जे होतं त्याचं दुसरं टोक बीडमध्ये दिसलं. आमच्याकडे पारगावला भीमाशंकर साखर कारखाना आहे. गावाचं पूर्ण नावच पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की टोळ्या येतात, कोप्या पडतात. पहाटेपासून तोडणी, मोळ्या डोक्यावर, न्हाणी नाही, संडास नाही, पाळीतही खाडा केला तर पैसे कापले जातात. या बायकांना वर सांगितलेलं प्रत्येक दुखणं व्हायला सगळी सोय आपण करून ठेवलेली आहे. २०१९ च्या जूनमध्ये विधान परिषदेत तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. (या सगळ्याच ऊसतोड कामगार नव्हत्या.) नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या वेळच्या बातम्यांमध्ये बायका काय सांगत होत्या आठवतंय? पांढरं जात होतं, पोटात दुखत होतं, डॉक्टर म्हणाले पिशवी काढा नाहीतर कॅन्सर होईल.

उंबऱ्याला वाळवी लागली म्हणून माजघर पाडलं!

काही शस्त्रक्रिया खरोखर गरजेच्या असतील, मी नाकारत नाही. पण 'पांढरं जातंय' एवढ्याच भांडवलावर पिशवी काढणं, हे त्याच अर्धवट शब्दाचं शेवटचं फळ आहे. आणि यात पैशाचा हिशोब आहे. आपल्या सरकारी आरोग्य विमा योजना मुख्यतः भरती झालेल्या पेशंटसाठी आहेत. शस्त्रक्रियेला पॅकेज असतं. डॉक्टरने दहा मिनिटं बघितलं, साबण बंद करा म्हणाले, याला पॅकेज नाही. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सुप्रीम कोर्टात याचिका केली होती, विमा योजनांचा गैरवापर हा त्यातला एक मुद्दा होता. एप्रिल २०२३ मध्ये कोर्टाने राज्यांना याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितली. ज्याचा कोड पैसे देतो ते केलं जातं. हे मला बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज दिसतं, आणि इथेही तेच आहे.

आता तुमचे आक्षेप. मला माहितीयेत, कॉमेंटमध्ये येणारच आहेत, तर आधीच घेते.

'सरकारी डॉक्टरपुढे रोज रांग लागते, वेळ कुठे आहे?' खरं आहे, आणि त्या डॉक्टरांबद्दल मला कणव आहे. पण तीच बाई चार वेळा येते आणि चार वेळा चुकीच्या गोळ्या घेऊन जाते, तो वेळ कोणाच्या खात्यात धरायचा? एक पडदा, एक दिवा, एक सिस्टर सोबत. हे एमआरआय मशीन नाही की बजेटमध्ये बसत नाही.

'आधी बाळंतपणं तर सुखरूप होऊ द्या, हे काय जीवघेणं आहे?' या आक्षेपाला शंभरावर वर्षांचा इतिहास आहे. १८९३ साली शिकागोला बर्तियों या फ्रेंच माणसाची जी यादी मान्य झाली, जिच्यातून आजची आयसीडी आली, ती होती फक्त मरणाच्या कारणांची. मेलात तर मोजू. जिवंत माणसाच्या आजारांची मोजणी त्या यादीत आली ती १९४८ साली, सहाव्या आवृत्तीत. जगाने तो विचार तेव्हाच सोडला. आपल्याकडे बाईच्या बाबतीत तो अजून चालू आहे: बाळंतपणात मरेल तर मोजू, रोज जळेल तर नाही.

'आता सगळं डिजिटल होतंय, आभा नंबर आलाय, सुधारेल.' हा आक्षेप माझ्या धंद्यातल्या लोकांचा. डिजिटल आरोग्य मिशन सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू आहे, चांगलं आहे. पण मंडळी, आत कचरा टाकला तर बाहेर कचराच येणार, हे आपल्याला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. 'व्हाइट डिस्चार्ज' हे दोन शब्द क्लाउडवर ठेवले म्हणून त्यांचं निदान होत नाही.

मग करायचं काय? नुसती टीका करून चहा प्यायला जाणाऱ्यांतली मी नाही.

नोंदवहीत किंवा स्क्रीनवर चार खाने करा. आत की बाहेर. किती दिवस. तपासलं: हो किंवा नाही. कारण: संसर्ग, कातडीचं, कोरड, माहीत नाही. 'माहीत नाही' हे उत्तर लाजिरवाणं नाही, खोटं उत्तर लाजिरवाणं आहे. आणि 'तपासलं: नाही' असं स्वतःच्या हाताने लिहावं लागलं, तर माझी खात्री आहे, बरेच जण उठून पडदा ओढतील. हा फॉर्म बनवायला मला एक शनिवार पुरेल. फुकट करून देते.

आशाताईंना एक साधा शब्द द्या. 'योनीमुख' जड वाटत असेल तर 'बाहेरच्या कातडीची आग' म्हणा. पण 'अंगावर जाणं' या एका पोत्यात सगळं भरणं बंद करा. आणि पुन्हा पुन्हा खाज येणाऱ्या प्रत्येक बाईची साखर तपासा.

आणि माझ्या बहिणींनो, काकूंनो, मामींनो: तिथे साबण नको, जंतुनाशक नको, तुरटी नको. साधं पाणी पुरे. पाळीचं कापड उन्हात कडकडीत वाळवा. मेडिकलमधून मनाने ट्यूब आणू नका. गरोदर असाल तर उरलेली गोळी कोणाचीही घेऊ नका. कातडी पांढरी पडली, जखम भरत नाही, गाठ लागते, पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर वाट न बघता दाखवा. कोणी पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सही करू नका.

आणि दवाखान्यात डॉक्टर न बघता चिठ्ठी लिहायला लागले, तर नम्रपणे पण ठामपणे विचारा: 'डॉक्टर, बघणार नाही का?' एवढं चार शब्दांचं वाक्य आहे. त्याला इंग्रजी लागत नाही, शिक्षण लागत नाही. सोबत गेलेल्या नवऱ्याने विचारलं तर अजून चांगलं. मोटरसायकलवरून नेऊन बाहेर पानटपरीवर थांबणं म्हणजे सोबत जाणं नव्हे, हेही जाता जाता लिहून ठेवते.